एकही खाडा नाही

रविवार, ५ एप्रिल १९९८
पापडी, वसई

आलो एकदाचे. टेम्पोत कपाट आडवं घातलं होतं, त्याचा आरसा फुटेल म्हणून सुमेधला वाटभर घोर. आरसा धडधाकट आहे, फुटली ती माझी लोणच्याची बरणी. सगळ्या चादरींना मोहरीचा वास येतोय आणि मला त्याचं हसू येतंय, म्हणजे सुरुवात वाईट नाही.

घर झकास आहे. डोंबिवलीच्या दीड खोलीतून इथे आलं की आधी कुठे उभं राहावं तेच कळत नाही. तीन खोल्या, वर कौलं, पुढे ओटी आणि तिन्ही बाजूंनी वाडी. केळी, माड, दोन चाफे, मोगऱ्याच्या तर ओळीच्या ओळी. ओटीपासून वीस पावलांवर विहीर. तिच्यावर मोटर आहे, पण जुना रहाटही आहे, दोर-बादली लावलेला. मालकीणबाई शांताकाकू केळींपलीकडच्या मोठ्या घरात राहतात. साठीच्या असतील. येताक्षणी त्यांनी तांब्याभर पाणी, गुळाचा खडा आणि दहा-बारा प्रश्न आणून ठेवले. त्यांचे यजमान जगन्नाथकाका कानाने अधू आहेत, पण हसतात छान.

आता खरं ते लिहिते, कारण ही वही त्यासाठीच आहे. मागच्या ऑगस्टात आमचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर आठ महिने मी अंथरुणात होते. ताप नाही, दुखणं नाही, उठावंसंच वाटेना. उन्नतीचा डबा कोण करणार, वेणी कोण घालणार, म्हणून सासूबाई तिला मिरजेला घेऊन गेल्या. सात वर्षांची आहे माझी पोर. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही उशीवरून मान उचलली नव्हती.

सासूबाई म्हणजे आशालताबाई, तेहतीस वर्षं शाळेत, शेवटची नऊ मुख्याध्यापिका. त्या पत्र लिहीत नाहीत, परिपत्रक काढतात. सुमेधने या घराचं वर्णन कळवल्यावर आलेल्या ताज्या परिपत्रकात यादी आहे. साडेपाचला उठणे. विहिरीतून स्वतः ओढून दोन बादल्या पाणी. दारात सडा-रांगोळी. तलावापर्यंत चालून येणे. मोगरा खुडून एक गजरा. उन्नतीला एक पत्र. आणि ही रोजनिशी, सवडीने. हे सगळं चाळीस दिवस, एकही खाडा न करता. केलं तर त्या स्वतः उन्नतीला आणून सोडणार. खाडा झाला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर जून उजाडला तर तिचं नाव मिरजेच्या शाळेत. खाली रेघ मारून लिहिलंय की उमेद विरजणासारखी असते, रोज थोडी लावली तरच उद्या मिळते. बाई दुष्ट नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं, तोच तर त्रास आहे.

उद्यापासून सुरुवात.

बुधवार, ८ एप्रिल

तिसरा दिवस. हाताला फोड आले. रहाट कुरकुरतो आणि मी त्याच्याहून जास्त. अर्धी बादली पायावर, उरलेली अर्धी घरात, असा हिशेब धरला तर दोन बादल्यांसाठी चार ओढाव्या लागतात. रांगोळीचं कमळ काढायला गेले, ते वाटोळं फुलकोबीसारखं झालं. सुमेध ऑफिसला निघताना त्यावरून जपून पाय टाकत गेला आणि फाटकाशी जाऊन हसला. त्याला वाटलं मला दिसलं नाही.

तलावाच्या वाटेवर लूर्डस भेटते. जवळच्या सांडोर गावची आहे, डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पापडीच्या नाक्यावर विकायला येते, त्याआधी देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, मिस्सा ऐकते. तिची घरची भाषा मला निम्मीच कळते, पण आज तिने मला थांबवून नीट सांगितलं की बाय, तू चालतेस अशी जसं कुनी मागून ढकलतंय. मी म्हटलं, ढकलतायतच, मिरजेहून. तिला काही कळलं नाही, तरी हसली. जाताना दोन वांगी दिली.

मंगळवार, १४ एप्रिल

नववा दिवस. आज गंमत झाली. पाचला जाग आली, गजर व्हायच्या आधी. अंथरुणात पडून होते आणि मला चक्क उठावंसं वाटत होतं. ही गोष्ट कुणाला सांगितली तर वेडी म्हणतील, पण आठ महिन्यांनी असं वाटणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक.

गजरा आता बोटं आपोआप ओवतात. उन्नतीच्या पत्रात रोज वाडीतला एक रहिवासी येतो. आज सरडा. काल जगन्नाथकाकांची कवळी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक खूण करते, निळ्या पेनाने. नऊ खुणा झाल्यात.

रविवार, १९ एप्रिल

चौदावा दिवस. रविवारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून मिरजेला फोन. सासूबाईंनी आधी हजेरी घेतली, मी सांगितलं एकही खाडा नाही. मग उन्नती आली. हो, नाही, बरं. एवढंच बोलली. शेवटी तिने विचारलं की आई, तू आत्ता उभी आहेस की झोपलीयस. मी म्हटलं उभी आहे गं, रस्त्यात आहे. ती म्हणाली, खरं सांग.

बूथवाल्यासमोर डोळे पुसायची लाज वाटली, पण पुसले. चाळीस दिवस काय, चारशे करीन.

शनिवार, २५ एप्रिल

शांताकाकू संध्याकाळी मुद्दाम आल्या. उद्या अमावास्या, त्यांच्या वाडीत अमावास्येला सुट्टी असते. विहिरीतून पाणी काढायचं नाही, फूल तोडायचं नाही, झाडलोट नाही, रांगोळी नाही, चूलही जमली तर नाही. मोटरसुद्धा बंद. लागेल ते पाणी आजच भरून ठेव म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, महिन्यातला एक दिवस आपला नसतो. आणि विषय बदलून पापडाच्या पिठाचं बोलू लागल्या.

झाली का पंचाईत. उद्या एकविसावा दिवस. सुमेध म्हणतो, खूण करून टाक, मिरजेहून कोण बघायला येतंय. खरं आहे. पण आठ महिने मी सगळ्यांना बरी आहे, बरी आहे असं खोटंच सांगत होते. या खुणा तरी खऱ्या असू देत. आम्ही देशावरची माणसं, अमावास्येला आमच्याकडे फार तर नारळ ओवाळून टाकतात. काकूंना कळायच्या आत, उजाडण्याआधी उरकून घेईन.

रविवार, २६ एप्रिल

केलं. सगळं केलं, आणि कुणाला पत्ता लागला नाही.

एक लिहून ठेवते. दोर हाताला हलका लागत होता. भरलेली बादली वर येताना जड हवी, ती अशी आली जशी खालून कुणी उचलून देतंय. रहाट कुरकुरला नाही. फुलं तर आपणहून ओंजळीत पडल्यासारखी. रांगोळीचं कमळ पहिल्यांदाच कमळ झालं. तलावावर चिटपाखरू नव्हतं, परतताना मी गात होते. लग्नाआधी गायचे तशी, मोकळ्या गळ्याने. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं. घरी आल्यावर मात्र दुपारभर ग्लानीत झोपले.

रांगोळी काकूंच्या नजरेस पडू नये म्हणून सातच्या आत पुसून टाकली होती. एकविसावी खूण.

सोमवार, २७ एप्रिल

सडा घालायला दार उघडलं तर सडा घातलेला. रांगोळी काढलेली. कालचंच कमळ, पाकळ्यासुद्धा तेवढ्याच. काल मी पुसली होती ना? पुसली होती. फडक्यावर रंग अजून आहे.

सुमेधला विचारलं. तो म्हणाला, त्याला साधी रेघ सरळ मारता येत नाही. काकूंनी काढली असेल, माझं कौतुक म्हणून. मग मी पुन्हा शेजारी छोटं स्वस्तिक काढलं, यादी पाळायची म्हणून.

गुरुवार, ३० एप्रिल

आज दोन बादल्या भरून उंबऱ्यात ठेवलेल्या. चार दिवस रांगोळी, आज पाणी. काकूंकडे गेले तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे विचारवेना. त्यांनी रांगोळी काढली नव्हती, पाणीही भरलं नव्हतं. मला उलट म्हणाल्या की तुझा हुरूप बघून बरं वाटतं, पहाटे किती गोड गातेस.

मी पहाटे गात नाही. गायले ते फक्त रविवारी.

रविवार, ३ मे

अठ्ठाविसावा दिवस. फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, आज परत कसा. मला वाटलं त्यांचा वार चुकला. उन्नती फोनवर आली आणि म्हणाली, तू कालच तर केलास, संध्याकाळी. मी केला नव्हता. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते.

ती कुरकुरली. कालच्यासारखं हस ना, म्हणाली. काल तू बेडकाची गोष्ट सांगत होतीस ती पुरी कर. मला बेडकाची कुठली गोष्ट येत नाही. काहीबाही जुळवून सांगायला लागले तर मध्येच म्हणाली, जाऊ दे, तू ती नीट सांगत नाहीस.

बूथवाल्याला विचारलं, काल मी आले होते का. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं, आला होतात की ताई, केसात गजरा होता. आज बऱ्या दिसत नाही, असंही म्हणाला.

बुधवार, ६ मे

आज साडेचारलाच उठले. बघतेच म्हटलं, कोण माझ्याआधी पोचतंय ते. दार उघडलं. बादल्या भरलेल्या, सडा ओला, कमळ तयार. दोराला हात लावला तर ओला, त्यातून पाणी गळत होतं. माणूस नाही.

मग आता मी काय करायचं? पाणी भरायचं तर भांडी भरलेली. रांगोळी काढायची तर जागा नाही. मोगऱ्याच्या ओळीवर एक कळी शिल्लक नाही, गजरा मात्र आरशाला टांगलेला. ओटीवर बसून राहिले. बसल्या बसल्या ते जुनं, अंगात शिसं भरल्यासारखं वाटणं परत आलं. अंथरुणात जाऊन पडले ती आठपर्यंत.

लूर्डस नाक्यावर भेटली. म्हणाली, सकाळी सहाला तलावावर किती गप्पा मारल्यास, आता ओळख देत नाहीस. मी तिला म्हटलं की मी आज तलावावर आलेच नाही. तिचा चेहरा उतरला. गळ्यातला क्रूस चाचपत टोपली उचलून निघून गेली, सुटे पैसे घ्यायलाही थांबली नाही.

शनिवार, ९ मे

उन्नतीचं पत्र आलं. चार महिन्यांतलं पहिलं. मोठ्ठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी. आई, तुझी सगळी पत्रं मी दप्तरात ठेवते. हल्लीची फारच मज्जेची असतात. बेडूक विहिरीत खाली काय बघतो ते लवकर लिही. तुझ्याकडे यायला मी कपडे भरून ठेवलेत.

सोमवारपासून मी एकही पत्र लिहिलेलं नाही. लिहायला बसले की पेन हातात तसंच राहतं.

तिला माझ्याकडे यायचंय. माझ्याकडे. की तिच्याकडे?

मंगळवार, १२ मे

सुमेध खुशीत आहे. काल साडेआठला आला. मी आतल्या खोलीत पडले होते, दिवा न लावता. ओटीवर त्याचा आवाज ऐकू येत होता. ऑफिसातलं काही सांगत होता, मध्येच हसत होता. मला वाटलं जगन्नाथकाका आले असतील. मग कुणीतरी बाई हसली.

ते हसणं मी ओळखते. लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्या फोटोंत तोंड उघडून हसतेय ना मी, ते.

तो आत आला, दिवा लावला आणि चमकला. म्हणाला, आत्ता तर बाहेर होतीस, एवढ्यात येऊन झोपलीस पण? मग जवळ बसून म्हणाला की संपदा, तू पहिल्यासारखी झालीस, आईचं ऐकलं ते बरं झालं. इतक्या प्रेमाने बोलत होता. मला सांगवेना. सांगितलं तर म्हणेल, परत सुरू झालं.

शुक्रवार, १५ मे

चाळिसावा दिवस. कॅलेंडरवर खूण आधीच केलेली होती. निळं पेन, माझ्यासारखीच खूण. सुमेधने पेढे आणले. एक ओटीवर कुणीतरी खाल्ला, एक मी.

दिवसातून तीन तास उठून बसते. कधी दोन.

रविवार, १७ मे

आज भिंतीला धरून धरून काकूंकडे गेले आणि कबूल केलं. अमावास्येला मी पाणी काढलं, फुलं तोडली, सगळं केलं.

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. जगन्नाथकाकांना ऐकू जात नाही, तरी दार लोटून घेतलं. म्हणाल्या, महिन्यातला तो एक दिवस वाटेकरणीचा. ती कोण, कधीची, त्यांच्या सासूलाही ठाऊक नव्हतं. वाडीतली माणसं एकोणतीस दिवस राबतात, एक दिवस तिला मोकळा सोडतात. तू तिचा दिवस घेतलास पोरी, आता ती तुझे घेते आहे.

मग त्यांनी सांगितलं की त्या काकांच्या दुसऱ्या. पहिली कार्तिकी, मोठी कामसू, तिने एकदा असाच अमावास्येला गजरे केले, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी. काकू लग्न होऊन आल्या त्या कार्तिकीची शुश्रूषा करायलाच. तीन वर्षं ती पडून होती. आम्ही राहतो त्याच घरात, आतल्या खोलीत. काकू तिला पेज भरवायच्या, आणि खिडकीबाहेर मोगऱ्यात तीच गात असायची. काका अजून म्हणतात की पहिली शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती.

मला घर भाड्याने देताना हे का नाही सांगितलंत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, अमावास्या पाळ एवढं सांगितलं होतं की. खरंय. सांगितलं होतं.

उपाय एकच. येत्या अमावास्येला, सोमवारी पंचवीसला, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत पूर्ण खाडा. अंथरुणातून पाय खाली टेकवायचा नाही. तिचा दिवस तिला परत. मावळतीला ती जाते. कार्तिकीलाही हे सांगितलं होतं, पण तिला पडून राहणं जमलं नाही, उठलीच. दोनदा जो तिचा दिवस घेतो त्याला मग स्वतःचं काही उरत नाही.

पडून राहणं मला जमतं, काकू. त्यात मी तरबेज आहे.

मंगळवार, १९ मे

परिपत्रक. सासूबाई उन्नतीला घेऊन सोमवारी सकाळी दादरला उतरणार, दहापर्यंत वसईत. तारीख पंचवीस. लिहिलंय, मुलीने दारात हसती आई पाहिली पाहिजे. आई अंथरुणात दिसली तर मी तिला त्याच पावली परत नेणार, त्या पोरीने एकदा ते पाहिलंय, दुसऱ्यांदा नाही.

रिक्षा करून बूथवर गेले. सासूबाईंना म्हटलं, सोमवारी नको, मंगळवारी या, एकच दिवस पुढे. त्या चकित झाल्या. तूच तर परवा फोन करून सोमवारचा हट्ट धरलास, त्यासाठी तिकिटं बदलून घेतली, आता मिळणार नाहीत.

दिवस तिने निवडलाय.

शुक्रवार, २२ मे

आज पाहिली. खिडकीतून. भर सकाळी, उन्हात.

माझी हिरवी साडी, ओले केस. मोगऱ्यावर वाकली होती. मग सरळ होऊन माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं भयंकर काही असेल. चेहरा नसेल, डोळे नसतील. तसं काही नाही. मीच होते. ऑगस्टच्या आधीची. गालावर रंग, कंबर ताठ. माझ्याकडे बघून ती हसली, ओळखीचं.

आणि लाज वाटते लिहायला, पण मला भीतीच्या आधी तिचा हेवा वाटला.

घशातून आवाज निघत नाही. बाहेर ती गात असते ना, तेव्हा तर अजिबातच नाही. हात तेवढा चालतो.

रविवार, २४ मे

सुमेधला सगळं लिहून दाखवलं. कागदावर, कारण आवाज नाही. त्याने कपाळ धरलं. मंगळवारी डॉक्टरांकडे जाऊ म्हणाला. मग हात जोडून म्हणाला, उद्या फक्त अर्धा तास ओटीवर बस, आई बघेल, उन्नती राहील, पुढचं पुढे बघू.

मी लिहिलं, उद्या उठणार नाही.

त्याने घड्याळाला गजर लावला. पहाटे निघायचंय त्याला, दादरला.

मावळतीपर्यंत. मग मी उठेन. सासूबाई थांबल्या नाहीत तर मिरजेला जाईन, पाया पडेन, पण माझ्या पायांवर उभी राहून. एक दिवस. एकच—

सोमवार, २५ मे

साडेसहा. उजाडलंय. पडून आहे. पाणी उशाशी काल भरून ठेवलं. लिहू नकोस असं काकू म्हणाल्या नव्हत्या. लिहीत राहिले तर जागी राहीन.

आठ. मोठ्या घराचं दार बंद आहे. आज ते लोक बाहेर पडत नाहीत. वाडीत सगळीकडे शांत. ती दिसत नाही.

साडेनऊ. ओटीवर पावलं. बांगड्या. केस विंचरल्याचा आवाज.

दहा वाजून गेले. रिक्षा—

उन्नतीचा आवाज. आई आई करत धावली. माझ्या अंगावर काटा— ती आत येत नाही. बाहेरच थांबली. तिथे तिला आई मिळाली.

सासूबाई शाबास म्हणाल्या. तेहतीस वर्षांत कुणाला म्हणाल्या नसतील. सुमेध हसतोय. रडतोय बहुतेक. त्याला वाटलं मी ऐकलं त्याचं, उठले.

पडून राहायचं. मावळतीपर्यंत. नऊ तास. गादीची कड धरून ठेवलीय.

उन्नती विचारत होती, आत कोण झोपलंय. ती म्हणाली, कुणी नाही गं.

पावलं विहिरीकडे. का? ती म्हणतेय आधी दोन बादल्या, मग बेडकाची गोष्ट. उन्नती विचारतेय, मी ओढू? सासूबाई म्हणतात ओढू दे, चांगली सवय लहानपणीच लागावी.

आज अमावास्या. आज जो दोराला हात लावेल त्याचे दिवस—

हाक मारली. आवाज नाही. भिंतीवर हात आपटले. बाहेर हसतायत. रहाट हलला, अजून नुसताच. उन्नतीचा हात पुरत नाहीये, ती तिला उचलून घेतेय.

पडून राहिले तर मी सुटते. काकू, कार्तिकीलाही का असंच—

पाय खाली टेकले. उभं राहवतंय. चालता येईल वीस पावलं.

उन्नती, ही वही कधी तुझ्या हाती आली तर बाकीचं वाचू नकोस, एवढंच वाच. त्या दिवशी तुझी आई अंथरुणात पडून नव्हती. मी उठ